गोधडी खरंच वाळली का? बाळाच्या अंथरुणातलं विज्ञान

संशोधनाचा विषय कसा शोधायचा, हा प्रश्न पीएच.डी.ची तयारी करणारे बरेच जण विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: घरात जे रोज घडतं आणि ज्याचं कारण सगळे छातीठोकपणे सांगतात, तिथून सुरुवात करा. यावेळी मी बाळाचं अंथरूण घेतलंय. हसू नका. त्यात सूक्ष्मजीवशास्त्र आहे, प्रकाशरसायन आहे, आनुवंशिकता आहे, आणि ५६ वर्षं टिकलेलं एक चुकीचं कारणसुद्धा आहे.

पार्श्वभूमी एवढीच, की माझी बहीण पहिल्या बाळंतपणाला अकोल्यात माहेरी आली आहे. बाळ आईच्या कुशीतच झोपतं, बहुतेक मराठी घरांत झोपतं तसं. पावसाळ्याचे दिवस. आमच्या तालुक्यात पावसाचा कारभार विचित्र आहे. अकोले गावात भुरभुर असते तेव्हा पश्चिमेला घाटघर, रतनवाडीकडे धो-धो कोसळत असतं. घाटघरला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते उगीच नाही. तिकडे ऊन म्हणजे काय हे लोक आठवडे-आठवडे विसरतात. आणि अशा हवेत रोज बाळाची दहा-पंधरा दुपटी, लंगोट, शिवाय ओली झालेली गोधडी वाळवायची. अंथरुणाला वास येणारच. पण कसला वास?

इथेच पहिली पायरी आहे. "वास येतो" हे निरीक्षण झालं, प्रश्न नाही झाला. जरा नीट हुंगलं तर तीन वेगळे वास सापडतात. एक नाकाला झोंबणारा, खारट. दुसरा आंबूस, दुधाचा. तिसरा कुबट, बंद ट्रंकेसारखा. तिघांचं कारण वेगळं, उपाय वेगळा. तिघांवर एकच औषध ओतणं म्हणजे सगळ्या डेटाला एकच टेस्ट लावण्यासारखं आहे.

आधी झोंबणारा वास. बाळाच्या ताज्या शूला फारसा वास नसतो. त्यात युरिया असतो आणि युरियाला वास नाही. कापडावर, कातडीवर, शीमध्ये असलेले काही जिवाणू युरिएज नावाचं एन्झाइम तयार करतात. ते युरियाचं विघटन करतं आणि अमोनिया सुटतो. म्हणजे वास शूचा नाही, उशिराचा आहे. दुपटं किती वेळ तसंच पडलं, हे तो सांगतो.

आता यातली गंमत पाहा. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो: वायूरूपातला अमोनिया, जो नाकाला कळतो, आणि अमोनियम आयन, जो कळत नाही. यांचं प्रमाण सामूवर, म्हणजे पीएचवर ठरतं. साधारण ९.२ पीएचला दोन्ही निम्मे-निम्मे. त्याच्या खाली अमोनियम जास्त, वर गेलं की वायू जास्त. कपड्याच्या साबणाचं पाणी चांगलंच अल्कधर्मी असतं, दहाच्या आसपास. म्हणून शू सुकलेल्या दुपट्याला थेट साबण लावला की अचानक भपकारा येतो. आई म्हणते, "साबण लावला की जास्तच घाण येते." बरोबर आहे तिचं. उपाय म्हणजे आधी दोनदा साध्या पाण्यातून खळबळून काढायचं. युरिया आणि अमोनियम दोन्ही पाण्यात सहज विरघळतात, निम्मं काम तिथेच होतं. साबण त्यानंतर.

एक धोक्याची सूचना इथेच देतो. शूने भिजलेल्या कपड्यांवर ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं पाणी ओतू नका. अमोनिया आणि क्लोरीनचं ब्लीच एकत्र आलं की क्लोरामाइन नावाचे त्रासदायक वायू तयार होतात. बंद न्हाणीघरात, तेही बाळंतिणीच्या खोलीजवळ, हे नको. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करणंही तितकंच वाईट, तिथे क्लोरीन वायूच सुटतो.

आता त्या ५६ वर्षांच्या गोष्टीकडे येऊ, कारण माझ्या मते संशोधनपद्धतीच्या पेपरसाठी याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. बाळाच्या ढुंगणाला, जांघेत लाल चट्टे येतात. आपल्याकडे "शू लागली", "खाजलं" म्हणतात. १९२१ साली कुक नावाच्या अमेरिकन डॉक्टरने अशा बाळांच्या लंगोटांतून अमोनिया तयार करणारा एक जिवाणू वेगळा काढला. चट्टे आहेत, अमोनियाचा वास आहे, जिवाणू सापडला. साखळी जुळली. त्या विकाराचं नावच "अमोनिया डर्मटायटिस" पडलं आणि पुढच्या पिढ्या तेच शिकल्या.

१९७७ मध्ये लेडन आणि सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. चट्टे असलेल्या बाळांबरोबर त्यांनी चट्टे नसलेली बाळंही तपासली. दोन्ही गटांत अमोनिया आणि तो तयार करणारे जिवाणू सारखेच निघाले! म्हणजे अमोनिया हजर होता, पण गुन्हेगार म्हणून नव्हे. नियंत्रण गट कशाला हवा, हे कुणी विचारलं तर हे सांगा. मग १९८६ मध्ये बर्ग, बकिंगहॅम यांच्या गटाने दाखवलं की खरा मामला शू आणि शी एकत्र येण्याचा आहे. शूतून सुटलेल्या अमोनियामुळे पीएच वाढतो, वाढलेल्या पीएचला शीमधली प्रथिनं आणि चरबी पचवणारी एन्झाइम्स जास्त जोमाने चालतात, आणि ओलसरपणाने आधीच मऊ पडलेल्या कातडीवर ती हल्ला करतात. अमोनिया पूर्ण निर्दोष नाही, पण त्याची भूमिका वेगळी निघाली. मला यातलं आवडतं ते हेच, की जुनं उत्तर नुसतं फेकून दिलं गेलं नाही, त्याची जागा बदलली.

घरासाठी याचा अर्थ असा: नुसती शू झाली असेल तर अर्धा तास इकडेतिकडे झाला म्हणून कातडी सोलवटत नाही. पण शी झाली असेल आणि दुपटं ओलं असेल तर थांबू नका, मग रात्रीचे तीन का वाजले असेनात.

अर्थात नुसत्या शूचं दुपटंही लगेच बदलायचंच, पण त्याचं कारण वेगळं आहे आणि ते जास्त गंभीर आहे: थंडी. एक ढोबळ गणित करू. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.५८ किलोकॅलरी उष्णता लागते. दुपट्यात २० मिली शू आहे आणि ती सगळी सुकायला लागणारी उष्णता बाळाच्या अंगातूनच गेली असं धरलं, तर ११.६ किलोकॅलरी. तीन किलोच्या बाळाचं तापमान एक अंशाने बदलायला साधारण २.५ किलोकॅलरी पुरतात. भागून पाहा, साडेचार अंशांहून जास्त येतं! प्रत्यक्षात इतकं होत नाही, कारण बरीच उष्णता हवेतून आणि आईच्या अंगातून येते आणि बाळाचं शरीरही उष्णता तयार करत असतं. पण परिमाण लक्षात आलं ना? नवजात बाळाला ओलं अंथरूण म्हणजे अस्वच्छता नंतर, गारठा आधी.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या "सर्च"ने घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्यात बाळाला ऊबदार ठेवणं हा महत्त्वाचा भाग होता. ३९ गावांत ही सेवा, ४७ गावं तुलनेला. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये निष्कर्ष आले, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. हे श्रेय एकट्या दुपट्याचं नाही, जंतुसंसर्ग ओळखून गावातच उपचार करणं हा त्याचा गाभा होता. आज आशाताई जन्मानंतरच्या ४२ दिवसांत ठरलेल्या दिवशी घरी येऊन वजन करतात, तापमान बघतात, बाळ कसं गुंडाळलंय ते पाहतात, ती पद्धत याच कामातून वाढली. आमच्याकडे ताई आल्या तेव्हा बाळाच्या तळपायाला हात लावून त्यांचा पहिला प्रश्न होता, "रात्री भिजलं की कोण उठतं?" प्रश्नावली कशी लिहावी याचा हा नमुना आहे. "तुम्ही दुपटं वेळेवर बदलता का?" असं विचारलं असतं तर सगळ्यांनी हो म्हटलं असतं.

आंबूस वासाचं थोडक्यात. ते दूध आहे: बाळाने काढलेलं, आईचं झिरपलेलं. दुधात प्रथिनं आणि चरबी. गरम पाण्यात थेट टाकलं तर प्रथिनं धाग्यातच गोठतात आणि डाग पक्का बसतो, म्हणून आधी गार पाणी. उरलेली चरबी हवेतल्या ऑक्सिजनने खवट होते, तिला साबण आणि कोमट पाणी लागतं. आईच्या बाजूला एक जुना टॉवेल किंवा धुतलेल्या पातळाची घडी घातली की अर्धा प्रश्न सुटतो. बास, यात फार काही नाही.

शीच्या पिवळ्या डागात मात्र आहे! अंगावर पिणाऱ्या बाळाची शी मोहरीच्या रंगाची असते. तो रंग मुख्यतः बिलिरुबिनचा. मोठ्या माणसांच्या आतड्यातले जिवाणू बिलिरुबिनचं पुढे रूपांतर करून तपकिरी रंगद्रव्यं बनवतात, तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते जिवाणू अजून वस्तीला आलेले नसतात. हे बिलिरुबिन साबणाला दाद देत नाही, पण उन्हाला देतं. डाग राहिलेलं दुपटं ओलं असतानाच उन्हात टाकलं की संध्याकाळपर्यंत डाग फिका पडतो. आज्या पिढ्यान्‌पिढ्या हे करत आल्या.

आता दुसऱ्या बाजूने बघा. १९५०च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या दवाखान्यात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका काविळीच्या बाळांना अंगणात उन्हात नेत असत. उघड्या राहिलेल्या कातडीचा पिवळेपणा कमी होतो आणि झाकलेल्या भागाचा तसाच राहतो, हे त्यांच्या लक्षात आलं. त्याच सुमारास उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नमुन्यात बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा खूप कमी निघालं. क्रेमर, पेरीमन आणि रिचर्ड्स यांनी १९५८ मध्ये लॅन्सेटमध्ये यावर लिहिलं आणि त्यातून फोटोथेरपी आली, ती निळ्या दिव्यांची पेटी. दुपट्यावर घडतं ते आणि पेटीत घडतं ते अगदी एकच नाही. पेटीत मुख्यतः रेणूचा आकार बदलतो आणि तो शरीराबाहेर टाकता येतो, कापडावर ऑक्सिजनच्या मदतीने रंग तुटत जातो. पण सुरुवात तीच: बिलिरुबिन निळा प्रकाश शोषून घेतं. म्हणून काविळीच्या बाळाला "घरीच उन्हात धरा, बरं होईल" असं कुणी म्हटलं तर मात्र ऐकू नका. कावीळ किती आहे ते रक्त तपासूनच कळतं, आणि दुपट्यावरचा प्रयोग बाळावर करायचा नसतो.

आता तिसरा वास, कुबट. याने माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला.

आमच्याकडची गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर एकावर एक ठेवून बारीक धावदोऱ्याने शिवलेले. सुती कापड हे पाण्याचं दोस्त. वरचा थर वाऱ्याने सुकतो, हाताला कोरडा लागतो, आणि आतल्या थरांत ओल तशीच असते. हात खोटं बोलतो असं नाही, हात फक्त पृष्ठभागाबद्दल बोलतो. नमुना घेण्यातली ही नेहमीची अडचण आहे: जिथे पोचता येतं तिथलंच आपण मोजतो.

प्रयोगशाळेत पदार्थ सुकला की नाही हे आपण हात लावून ठरवत नाही. वजन करतो, पुन्हा सुकवतो, पुन्हा वजन करतो, आणि सलग दोन-तीन वेळा वजन तेच आलं की सुकलं म्हणतो. स्थिर वजन. गोधडीलाही हेच करता येतं. शेतमाल तोलायचा लटकता काटा बऱ्याच घरांत असतो. कडक उन्हाच्या दिवसांत पूर्ण वाळलेल्या गोधडीचं वजन एकदा लिहून ठेवा. पावसाळ्यात धुतल्यावर दर काही तासांनी तोला. पाव किलो जास्त दाखवत असेल तर पाव लिटर पाणी अजून आत आहे, हाताला काहीही लागो. आमच्या घरी आता काटा पडवीतच टांगलेला असतो आणि भाऊजी आले की आधी माझी चेष्टा करून घेतात.

आत ओल राहिली की बुरशी येते, कुबट वास तिचाच. शिवाय येतात माइट. घरच्या धुळीतले हे आठ पायांचे जीव सुमारे ०.३ मिलिमीटरचे, माणसाच्या अंगावरून झडलेल्या कातडीच्या कणांवर जगतात. १९६४ मध्ये नेदरलँड्समधल्या फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा यांनी मांडलं की घरच्या धुळीच्या ॲलर्जीमागे हा माइट असावा. त्यांच्या निबंधाचं शीर्षक चक्क प्रश्नार्थक होतं. आपल्याकडे सिनॉप्सिसला प्रश्नार्थक शीर्षक दिलं की गाइड भुवया उंचावतात, त्यांना हे सांगून बघा.

माइटला तोंडाने पाणी पिता येत नाही, तो हवेतली वाफ शोषून जगतो. हवेतली आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली की तो सुकून मरतो. आपल्या पावसाळ्यात ती इतकी खाली येतच नाही. म्हणजे जुलै-ऑगस्ट हे माइटचे सुगीचे दिवस. पण इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: माइट मारणं आणि ॲलर्जी करणारा पदार्थ काढणं. तो पदार्थ मुख्यतः माइटच्या विष्ठेत असतो आणि पाण्यात विरघळतो. १९९२ मध्ये मॅकडोनल्ड आणि टोवी यांना आढळलं की ५५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम पाण्यात धुतलं तर सगळे माइट मरतात. गार पाण्यात ते बहुतेक जगतात, पण ॲलर्जीचा पदार्थ मात्र गार पाण्यानेही बहुतांश निघून जातो. उलट नुसतं ऊन दिलं तर माइट मरतील, त्यांची घाण आतच राहील. टोवी आणि वूलकॉक यांनी १९९४ मध्ये सिडनीत गालिचे थेट उन्हात ठेवून त्यातले माइट मरतात हे दाखवलं. म्हणजे धुणं आणि ऊन एकमेकांची जागा घेत नाहीत. मे महिन्यात गोधड्या धुऊन पत्र्यावर तापवायची आपली रीत दोन्ही कामं एकदम करते.

पण बाळ ऑगस्टमध्ये जन्मलं तर? तर जाड गोधडी बाळाच्या खाली ओली होऊच द्यायची नाही, हाच उपाय. ती तळाला, सर्वांत खाली. तिच्यावर मेणकापड, त्यावर सुती चादर घट्ट खोचलेली, आणि बाळाखाली एक-दोन थरांचं दुपटं सपाट पसरलेलं. दुपटं पंख्याखाली काही तासांत वाळतं, गोधडीला दिवस लागतात. घाटघरकडच्या घरांत चुलीच्या वर दोरी बांधून कपडे वाळवतात. वाळतात खरे, पण धूर धाग्यात बसतो. चूल विझल्यावर निखाऱ्याच्या उबेवर टाकले तर बरं. बाळंतिणीच्या खोलीत वेखंड-ओव्याची धुरी देऊन "अंथरूण शुद्ध" करण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: वास झाकला जातो, ओल जात नाही, आणि धूर त्या इवल्याशा फुप्फुसांत जातो. आईचं मत वेगळं आहे. सध्या तडजोड अशी, की धुरी रिकाम्या खोलीत आणि खिडकी उघडी.

ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती आता सांगतो. बाळ येणार म्हटलं की ट्रंकेतून वर्षभर ठेवलेल्या गोधड्या, दुपटी, टकुची, झबली निघतात. आणि त्यांच्याबरोबर डांबरगोळ्या.

पांढरी डांबरगोळी म्हणजे बहुतेक वेळा नॅफ्थलीन. ती घन अवस्थेतून थेट वायू होते आणि तो वायू कापडात मुरतो. बाळ ते कापड पांघरून झोपलं की श्वासातून आणि कातडीतून नॅफ्थलीन शरीरात जातं. तिथे त्याची जी रूपं होतात ती लाल रक्तपेशींवर ऑक्सिडेशनचा ताण आणतात. पेशींकडे याविरुद्ध संरक्षण आहे, आणि ते चालतं जी-६-पीडी नावाच्या एन्झाइमच्या जोरावर. काही माणसांत हे एन्झाइम जन्मतः कमी असतं. १९५६ मध्ये प्रायमाक्विन हे मलेरियाचं औषध घेतल्यावर काहींच्या रक्तपेशी का फुटतात याचा शोध घेताना हे कळलं. याचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, म्हणून मुलग्यांत त्रास जास्त दिसतो. ज्या प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे ही कमतरता जास्त आढळते, आणि आपल्याकडच्या आदिवासी समाजांतही ती आढळते. अकोले तालुक्याचा मोठा भाग आदिवासी आहे, हे मुद्दाम सांगायला नको.

अशा बाळाला नॅफ्थलीन मिळालं तर रक्तपेशी भराभर फुटतात. फुटलेल्या पेशींतून बिलिरुबिन, तेच ते दुपट्यावरचं, रक्तात वाढतं. नवजात यकृताला ते झेपत नाही. फार वाढलं तर मेंदूत शिरून कायमची इजा करतं किंवा जीव घेतं. १९६३ मध्ये ग्रीसमधल्या डॉक्टरांनी अशा नवजात बाळांची नोंद प्रसिद्ध केली. बाळांनी गोळी गिळली नव्हती, तिचा वायूच पुरला होता. त्यांच्यातल्या काही बाळांत एन्झाइमची कमतरता नव्हती, तरी त्यांना त्रास झाला. म्हणजे "आमच्यात नाही कुणाला" हे संरक्षण नव्हे.

म्हणून ट्रंकेतलं काहीही बाळाला थेट वापरायचं नाही. आधी धुवा, मग मोकळ्या हवेत आणि उन्हात वास पूर्ण जाईपर्यंत ठेवा, आणि गोळ्या घराबाहेर काढा. कापूर किंवा संडासात टाकायच्या रंगीत गोळ्या हा पर्याय नाही, त्या वेगळ्या रसायनांच्या असतात आणि बाळासाठी त्याही वाईट. डोळे-कातडी पिवळी, शू गडद, बाळ पांढरंफटक आणि सुस्त, अंगावर ओढत नाही, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना, आणि कपड्यांत गोळ्या होत्या हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

जंतुनाशकांबद्दलही असंच. १९६७ मध्ये अमेरिकेत सेंट लुइस इथल्या एका नवजात कक्षात ९ बाळं विचित्र आजारी पडली. दरदरून घाम, ताप, धाप. दोन दगावली. संसर्ग शोधून सापडेना. शेवटी कारण निघालं धुलाईत: चादरी-लंगोट धुताना शेवटी टाकलेल्या बुरशीनाशकात पेंटाक्लोरोफेनॉल होतं, ते कापडात राहिलं आणि कातडीतून बाळांच्या अंगात गेलं. अंथरूण घाणेरडं नव्हतं, जास्तच "शुद्ध" केलेलं होतं. घरी शेवटच्या पाण्यात जंतुनाशकाचं झाकण ओतून कपडे तसेच पिळायची सवय असेल तर ती सोडा. टाकायचंच झालं तर त्यानंतर दोनदा साध्या पाण्यातून काढा. रोजच्या दुपट्यांना साबण, पाणी आणि पूर्ण वाळणं पुरतं.

आता कुशीत झोपण्याबद्दल. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये पुन्हा सांगितलं: बाळ आईच्या खोलीत झोपावं, पण वेगळ्या, सपाट, टणक पृष्ठभागावर, पाठीवर. दुसरीकडे जेम्स मॅकेनासारखे मानववंशशास्त्रज्ञ म्हणतात की अंगावर पाजणं आणि शेजारी झोपणं हे एकच वर्तन आहे, ते तोडून तपासता येत नाही. वाद संपलेला नाही. पण काही गोष्टींवर दोन्ही बाजू एक आहेत: घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल, शेजारी झोपणाऱ्याने दारू किंवा गुंगीचं औषध घेतलं असेल, बाळ दिवसांआधी किंवा अडीच किलोच्या आत जन्मलं असेल, तर एकाच अंथरुणात नको. न्यूझीलंडमध्ये माओरी समाजात कुशीत झोपायची रीत आपल्यासारखीच. तिथे "कुशीत घेऊ नका" असं सांगून भागेना, तेव्हा विणलेली उथळ टोपली, वहाकुरा, आईच्या अंथरुणातच ठेवायची पद्धत रुजवली गेली. बाळ शेजारीच, पण जागा त्याची स्वतःची. आपल्या दुरड्या-सुपं विणणाऱ्यांना हे करणं अवघड नाही.

स्वच्छता आणि सुरक्षितता इथे कधीकधी भांडतात, तेव्हा सुरक्षितता जिंकू द्या. मेणकापड सुटं नको. ते गादीखाली खोचलेलं आणि चादरीच्या खालीच हवं, बाळाच्या तोंडावर आलं तर श्वास अडतो. बाळाभोवती ओल टिपायला ठेवलेले मऊ लोड, उशा, घड्या काढा. आईची जड गोधडी आईच्या कमरेपर्यंतच. आपलं जमिनीवरचं पातळ अंथरूण खरं तर मऊ गादीपेक्षा बरं: टणक, सपाट, पडायची भीती नाही.

फक्त पावसाळ्यात जमिनीवर मण्यार येते. रात्री फिरते, चावलेलं पुष्कळदा कळतही नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण महाराष्ट्रातल्या मण्यारदंशांवर लिहिलं आहे. २००७ मध्ये नेपाळच्या तराईतल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश बराच कमी झाल्याचं दिसलं. म्हणून खाट असेल तर भिंतीला फट न ठेवता चिकटवून, नसेल तर जमिनीवरच, पण मच्छरदाणी चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचलेली. रात्री दुपटं बदलताना ओलं दुपटं दाणीच्या बाहेर बादलीत टाका, बॅटरी लावून, आणि दाणी परत खोचूनच आडवं व्हा. ओल्या कपड्यांचा ढीग अंथरुणाच्या कडेला साठवू नका. सकाळी तो उचलतानाही आधी काठीने हलवा.